हवा धरू नये म्हणून

नंदनवनातल्या माझ्या दुकानात
मार्च लागला की पंपच पंप.
वर्षभर माळ्यावर पडलेले, क्षारानं पांढरे झालेले,
शेपटीला धरून उंदीर आणावा तसे
लोक वायरीला धरून आणतात,
पाह्य ना भाऊ, आवाज करते पण पाणी नाही चढवत.
मी जाळी काढतो, पाती जुन्या ब्रशनं घासतो,
बादलीत सोडून ऐकतो.
हवा धरली असली की आवाज पातळ येतो.
हे मला कोणी शिकवलं नाही.

आता मलाच पंप लागणार आहे.

मायला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती.
कमरेला? म्हणाली, कूलरचा?
आणि स्वतःच हसली, हसता हसता थांबली.
मी अकरा वर्षांचा असताना
मेडिकलच्या वॉर्डापर्यंत तिनंच उचलून नेलं होतं,
डॉक्टरनं तेव्हाही बरंच काही सांगितलं होतं.
तिच्या हातात तीच एक काडी
कितीतरी वेळ.

थावकर सिस्टर मंगळवारी शिकवतात.
टेबलावर ते यंत्र, दोन काडेपेट्यांएवढं,
त्याची बारीक नळी, चिकटपट्टी.
पहिला आठवडा आत नुसतं सलाईन भरायचं,
इन्सुलिन पेननंच घ्यायचं,
तोवर अंगाला सवय होते, झोपेला होते, बनियनलाही.
नळीत बुडबुडा दिसला तर, त्या म्हणाल्या,
माहीत आहे, मी म्हणालो.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
नाही, सांगा तुम्ही. मला दुसऱ्यांचे माहीत आहेत.

मग त्यांनी विचारलं, एप्रिल-मेमध्ये सेहेचाळीस होते,
इन्सुलिन तापलं की कामाचं नाही,
दुकानात कूलर आहे ना?
सव्वीस आहेत, सिस्टर.
चालू एकही नाही.

तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर मी काटा घेऊन गेलो,
प्रणितानं पीठ मोजायला आणलेला.
प्लेट ठेवली, रिकाम्या प्लेटचं वजन वजा केलं,
सोनं घेतं का बे, ठेलेवाला म्हणाला,
मागचे चौघे हसले.
पोहे किती, चणे किती, वहीत लिहिलं,
तोवर तर्री निवली.
वीस वर्षं अंदाजानं खाल्लं
आणि अंदाजानं टोचलं.

रात्रीच्या तपासण्या प्रणिता करते.
बाराला उठते, तीनला उठते, अंधारात माझं बोट शोधते,
कधी चुकून अंगठाच धरते.
लिहायला हाताशी दुकानाचं बिलबुक:
अठरा वॅटचा पंप, सहाशे, बाकी दोनशे.
खाली, तीन वाजता, एकशे बेचाळीस.
परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं,
हे एकशे बेचाळीस कशाचे लावले?

सगळ्यांना मी एकच सांगतो,
पंपावर विसंबू नका, जास्तीचा एक ठेवा घरात.
सिस्टरही तेच म्हणाल्या:
हा बंद पडला तर तीन-चार तासांत त्रास सुरू होतो,
पेन फेकू नका.
मला पटलं. पण घरी आल्यावर
मी यंत्र उलटं केलं, बाजूनं पाहिलं,
दिव्याखाली धरलं.
स्क्रू नाही त्याला.
न उघडता येणारी वस्तू
मी आजवर कधी अंगाला लावली नव्हती,
आणि भिशीचे दोन वर्षांचे पैसे
त्याच वस्तूत गेले.

आज सलाईनची पहिली रात्र.
नळी कुशीखाली येते, मी कूस बदलतो,
तिला सोडवतो, परत तेच.
बाहेर रिंग रोडवरचे ट्रक.
शेवटी यंत्र उचलून कानाशी धरलं.
दर काही मिनिटांनी आत काहीतरी
किंचित सरकतं.

काय ऐकून राहिला, प्रणिता म्हणाली.
आवाज, म्हटलं. पातळ नाही येत.
मीठपाणी आहे ते, ती म्हणाली,
झोप आता. तीनला उठायचं आहे.