भाजक

स्वारगेट डेपोत एकतीस वर्षं मी तिकिटांचे हिशेब जुळवले,
चार आण्यांच्या फरकासाठी रात्री अकरापर्यंत बसलो,
म्हणूनच असेल, निवृत्तीनंतर तुंगारसरांनी
बेसबॉलची स्कोअरवही माझ्या मांडीवर ठेवली.
पर्वतीच्या पायथ्याचं शाळेचं मैदान, कालव्याच्या बाजूला फाटकी जाळी.
टेकडी उतरून येणारे थांबतात, विचारतात,
"हे काय, क्रिकेट का?"
नाही म्हटलं की निघून जातात.

आकडे खोटं बोलत नाहीत, आमचे हेडक्लार्क म्हणायचे.
ते कधी बेसबॉल बघायला आले नाहीत.

केतकी पायगुडे डिसेंबरात अनघाच्या पुढे होती,
जानेवारीतही पुढे.
दोन्ही महिने एकत्र मांडले
तर अनघा मोकाशी कितीतरी पुढे.
तीनदा तपासलं. चौथ्यांदा बोटं मोडत.
बरोबरच होतं.
केतकीच्या आईला हे समजावताना
माझा चहा दोनदा निवला.

आणि यादीत सगळ्यात वर, हजारात हजार,
सुलभा ढमढेरे:
एक खेळी, एक फटका,
पहिल्या बेसवर पोचताना घोटा मुरगळला,
मग सी.ए.चा अभ्यास.
तिला अजून कोणी मागे टाकलेलं नाही.
टाकणार कसं?

पण मला सांगायचंय ते शलाका खळदकरचं.
उंची जेमतेम पाच फूट, त्यात वाकून उभी राहायची,
गुडघ्यापासून छातीपर्यंतची जागा
पोस्टाच्या पेटीच्या फटीएवढी.
अकरा सामने. एकोणीस वेळा प्लेटवर.
नऊदा पिचरला ती फट सापडलीच नाही, पोरगी चालत पहिल्या बेसवर.
चारदा चेंडू अंगावर: बरगडी, कोपर, मांडी, पुन्हा तीच बरगडी.
एकदा कॅचरचा हात मध्ये आला.
पाचदा बंट, दुसरीला पुढे सरकवायला, स्वतः बाद.
नियम असा की यातलं काहीच खेळी म्हणून धरायचं नाही.
त्यागाला वेगळा रकाना आहे,
भाजकात जागा नाही.

सात धावा केल्या तिने,
आणि सरासरी
शून्य भागिले शून्य.

जिल्ह्याच्या निवडीचा फॉर्म आला.
आबनावे फोनवर म्हणाले, रकाना मोकळा चालत नाही,
शून्य टाका आणि पाठवा.
म्हटलं, साहेब, शून्य म्हणजे मारायला गेली आणि जमलं नाही.
ही अजून मारायलाच गेलेली नाही.
डेपोत न सुटलेल्या गाडीला आम्ही
उशिरा पोचली असं लिहीत नव्हतो.
त्यांनी फोन ठेवला. मीही ठेवला, जरा जोरात.

शेवटचा सामना खडकीच्या मुलींशी.
खरं सांगतो, मी मनात घोकत होतो,
चार चेंडू बाहेर पडू देत.
असं कोरं पान एका आयुष्यात
दोनदा मिळत नाही.
पहिला बाहेर. दुसरा बाहेर. तिसरा कॅचरच्या डोक्यावरून.
चौथाही बाहेरच, चांगला हातभर,
आणि शलाकाने बॅट फिरवली.

टप् असा आवाज. चेंडू घरंगळत दुसऱ्या बेसकडे,
तिथली मुलगी सावकाश वाकली, उचलला, फेकला.
दोन पावलांनी बाद.

हेल्मेट काखेत घेऊन आली, ओठांवर धूळ.
मी काही विचारलं नव्हतं.
"अंगावर घेऊन घेऊन कंटाळा आला, काका.
एकदा मारून बघायचं होतं."

भाजक एक.
दशांशचिन्हापुढे मी तीन शून्यं काढली.
तिसरं वाकडं आलं,
कारण ती खांद्यावरून वाकून बघत होती
आणि विचारत होती,
पुढच्या वर्षी हेच पुढे मोजतात
की पहिल्यापासून?