कोणतं जनावर

सीबीएसवर कंडक्टरने सवलतीचा पास पाहिला,
मग कॅलिपर, मग काठी,
आणि विचारलं, "त्र्यंबकला? नवस आहे का?"
पेगलवाडी फाट्यावर चहावाल्यानेही तेच.
पहिन्यात एका म्हातारीने तर
न विचारताच वाकून हात लावला
आणि कपाळाला नेला.
लोखंडाला लावलेला हात.
म्हटलं, मावशी, काही नाही, नुसतं चालायचंय.
तिने मान हलवली. पटलं नाही.

डोंगराला वळसा घालून निरगुडपाड्यापर्यंत,
तीन दिवस.
गोटीराम बेंडकोळी सकाळी जाऊन
संध्याकाळच्या भाकरीला घरी असतो.
पहिल्या तासातच त्याने माझी चाल ओळखली:
पुढे जायचा, दगडावर बसायचा,
तंबाखू मळून होईस्तोवर मी पोचायचे.
किती राहिलं, मी विचारायचे नाही,
तो सांगायचा नाही.
तेवढ्यावर आमचं जमलं.

चढ बरा. चढाला पाय कंबरेतून पुढे टाकायचा,
विहिरीत पोहरा टाकतात तसा.
उतार लबाड.
गुडघ्याचं कुलूप उघडायचं, बसायचं, घसरायचं,
कारवीच्या वाळल्या काटक्या धरत
(धरवतात असं वाटतं, मोडतात).
अर्धा डोंगर मी तळहातांनी उतरले.
सरकारी दाखल्यावर माझे टक्के आहेत,
अठ्ठावन्न.
त्यात हात कुठे मोजलेत?

दुसऱ्या दुपारी रिबीट तुटलं.
आवाज एवढासा, पापड मोडल्यासारखा.
मी रडले. दमून नाही, संतापून:
चौतीस वर्षं ज्याला शिव्या घातल्या
त्याने नाही म्हटल्यावर रडू यावं, याच्या.
गोटीरामने कुणाच्याशा कुंपणाची तार
पिळून, दगडाने ठोकून, भोकात बसवली.
"बैलगाडीचं असंच करतो," म्हणाला,
आणि मग चुकल्यासारखा हसला.
मला बैलगाडी आवडली.

तिसऱ्या सकाळी दव. वाटेवरचा धुरळा बसलेला.
नागलीच्या खळ्याकडून दोन पोरं आली
आणि वाकून उभी राहिली.
आदल्या संध्याकाळचं माझं चालणं तिथं पडलेलं:
एक बूट, सबंध.
एक ओरखडा, लांब, डावीकडे झुकणारा.
एक गोल भोक.
बूट, ओरखडा, भोक.
"तरस," मोठा म्हणाला. "तरस लंगडतंय."
लहान्याने बोट लावून पाहिलं.
"तरसाला बूट कुठून?"

मग दोघं खुणांच्या उलट निघाले,
जनावर आलं कुठून ते बघायला.
मी हाक मारली नाही.
गोटीरामनेही तंबाखू तशीच हातात धरली.
ती वळणाआड गेली,
तेव्हा मी कुलूप लावलं
आणि ओरखडा जिथं थांबला होता
तिथून पुढे ओढायला घेतला.