तिसऱ्याच्या पुढे

पुंडलिक आरोलकरांची गाडी
आरवलीकडून तिसऱ्या गिअरात रडत आली.
सुटताना तिसरा, वळणावर तिसरा,
गॅरेजच्या दारात टेकतानाही तिसराच.
"कुडाळाक सांगल्यानी, गिअरबॉक्सच बदलूक व्होयो.
दोन लाख चाळीस."
आकडा सांगताना ते माझ्याकडे नाही,
मिठागराकडे बघत होते.

एकतीस वर्षं एसटी. वेंगुर्ला–बेळगाव, मधे आंबोलीचा घाट.
डावा गुडघा क्लचनं खाल्ला,
म्हणून फंडाच्या पैशातून ही, दोनच पेडलांची.
हिच्यात डाव्या पायाला काम नाही.
तरी तो बसल्याजागी काहीतरी दाबत राहतो,
मी पाहिलंय.

इनासनं स्कॅनर लावला.
इंजिन बोललं, ब्रेक बोलले, एअरबॅगसुद्धा बोलली.
गिअरचा मेंदू तेवढा गप्प.
यू शून्य एकशे एक: संपर्क तुटला.
मशीन एवढंच सांगतं.
का तुटला, ते माणसानं उताणं पडून शोधायचं.

ऑइल बोटावर घेतलं. लाल, जळका वास नाही.
म्हणजे पोट धड आहे; कुडाळवाल्यांना देव बुद्धी देवो.
बॅटरी बारा पॉइंट सहा. फ्यूज शाबूत.
अर्थ घासला, पुन्हा आवळला.
दोन तारांत साठ ओहम हवेत, तर साठच.
मीटर असा खरं बोलायला लागला की मला धास्ती वाटते,
दोष द्यायला तार उरत नाही.

मग वायपरखालची जाळी उचकटली
आणि वास आला.
ग्रीसच्या, थिनरच्या डोक्यावर पाय देऊन
सुरंगीचा वास.

निचऱ्याच्या भोकात मूठभर फुलं,
चहाच्या चोथ्यासारखी, देठांसकट,
बूच ठोकावं तशी बसलेली.
त्यावर तुंबलेलं पाणी मॉड्यूलच्या झाकणापर्यंत.
प्लग ओढला: पिना मोरचुदासारख्या,
दोन तर प्लगमध्येच राहिल्या.
इनास हसला. मला नाही हसू आलं.

"गाडी खंय लावतास, काका?"
"सुरंगीबुडी. सावळी आसा."
"आणि धुतास?"
"रोज. खारो वारो मगे. पाइपान."
थोड्या वेळानं, स्वतःशीच:
"झाडार चडणारो गोंयात हॉटेलाक लागलो.
कळे काडूक कोण नाय. फुलां आपली पडतत."

नवं मॉड्यूल कोल्हापूरहून आलं, एसटीच्या पार्सलात.
ते स्वतः स्टँडवर जाऊन उभे राहिले.
ड्रायव्हर त्यांच्याच हाताखाली शिकलेला,
खोकं त्यानं दोन्ही हातांनी दिलं म्हणे.
एकोणीस हजार सातशे. पितळी पिना कोऱ्या, चकचकीत,
आणि आत काहीच नाही:
कुठली गाडी, कुणाची, किती वजनाची.
चेसिसचे सतरा आकडे-अक्षरं मी दोनदा तपासून भरली.
मग स्क्रीनवर एक एक नाव उजळलं,
शेवटी गिअरचं.

"झाला?"
"नाही. आता त्याला चालवून शिकवायचं.
हळू पाय, झटका नाही, वीस किलोमीटर."
ते पहिल्यांदा हसले. "माझ्याकडे सोळा पोरगे शिकले,
एकाक पन हळू पाय जमलो नाय."

मोचेमाडच्या चढावर मी बाजूला बसले होते.
ते तोंडानं मोजत होते: एक. दोन.
दोनला धक्का बसला. "ऱ्हवांदे," ते डॅशबोर्डला म्हणाले, "परत."
तीन.
पुढे मी श्वास धरला, त्यांनीही बहुतेक.
डावा पाय मॅटवर दाबला गेला
आणि कुठेही काही न हलता
चौथा पडला.
खाली माडांमागे समुद्र होता. कुणी पाहिला नाही.

परत आल्यावर भोकावर बारीक जाळी बसवली,
बिलात धरली नाही.
"गाडी आता दुसरीकडे लावा."
"बघतंय," म्हणाले,
आणि जुनं मॉड्यूल मागून घेतलं.
ते नाकाशी नेऊन
हुंगलं.