खोटा चावा

सोहारच्या हरितगृहात पहाटे चारला
मी रैहानवर, म्हणजे आपल्या सब्ज्यावर,
जॅस्मोनेट फवारते.
बाटलीला जाईचा बारीक वास.
अळी एकही नाही, जाळी दुहेरी,
पानाला मात्र वाटतं कुणी कुरतडलं:
लवेतल्या ग्रंथी तट्ट फुगतात,
तेल साठत जातं
कुणावरच नसलेल्या रागासारखं.

थुरैया म्हणते, हात आवर,
जास्त झालं की झाड वाढायचं सोडून
नुसतं घमघमत बसतं.
वहीत लिहिते: वाफा तीन. उंची खुंटली. वास उत्तम.

आज वाफा एकमध्ये,
जिथं फक्त पाणी देतो,
खरी अळी सापडली. हिरवी, नखाएवढी.
नोंद करायला हवी होती.
मी चिमटी सैल केली,
पान परत तिच्या तोंडाशी नेलं.
इथं खरं बोलणारी ती एकटीच.