आवक-जावक

उद्यमनगर, गाळा नंबर सतरा.
कंटेनर उघडला तेव्हा साडेअकरा झाले होते
आणि चहा यायचा होता.
पितळ, मिक्स, अठरा टन चारशे.
बंदर : लोबितो.
कुठं आलं हे, विचारल्यावर मगदूमशेठ म्हणाले,
अंगोला. आफ्रिका. भाव बरा पडला.

हौसाक्का पाटीनं निवडत होती :
नळाच्या तोट्या, कुलपं, दाराच्या कड्या
आणि पुंगळ्या.
बोटाएवढ्या, मनगटाएवढ्या,
एक तर थेट मापट्याएवढी.
"ह्यात जोंधळं मोजता येतील की गं," म्हणाली
आणि उलटी करून बघितली,
आपण भांड्यावर कुणाचं नाव आहे बघतो तशी.
नाव नव्हतं.
साल होतं, आकडे होते,
मधोमध एक टोच.

इलाही एकेक उन्हात धरून आत डोकावायचा.
एखादी जिवंत निघाली तर
भट्टीसकट आपण जावक.

एक नाणं निघालं.
त्याच्यावर लिहिलेल्या रकमेपेक्षा त्याचं वजन महाग,
म्हणून मोडीत आलेलं.

मी हिशोब लावत बसले. खोड आहे.
तांबं ह्याच बंदरातून गेलं असणार, मातीच्या भावानं.
कुठंतरी त्याची गोळी झाली,
ती ह्याच बंदरात उतरली, सोन्याच्या भावानं.
एकानं हिरे देऊन घेतली, दुसऱ्यानं तेल देऊन,
आणि एकमेकांवर झाडली, सत्तावीस वर्षं.
आता रिकामी, किलोवर.
एकच तांबं तीनदा बाजारात आलं
आणि तिन्ही वेळा खोट त्याच घरात.
बी.कॉम.ला असलं खातं शिकवलं नव्हतं.

त्याच पितळेचे आपण पंपाचे बुश ओतले.
आठशे नग. जावक : लोबितो.
मार्चात एजंटाचा फोन आला, निम्मे पाठवा.
का?
शेतं मोकळी नाहीत अजून.
म्हणजे पीक उभं आहे?
नाही ताई, सुरुंग.
हिऱ्यासाठी खणतात तिथं, तो म्हणाला,
पेरायला मात्र कुणी पाऊल टाकत नाही.

चारशे बुश कोपऱ्यात पडून आहेत,
पोत्याखाली, चकचकीत.

वर्षअखेरीला वजनाचा मेळ बसेना.
हौसाक्काच्या डब्याची पिशवी त्या दिवशी जड होती,
मी बघितलं होतं.
लिहिलं :
घट, सव्वा किलो.
कारण, माती.