धोका पातळी

काळवणे सुपरवायझर म्हणाला, मतीनभाई, फ्लेक्स टिकत नाही,
रात्रीतून सोडून नेतात लोक,
कुणाच्या गोठ्यावर जातो, कुणाच्या मोटारसायकलीवर.
तुम्ही पत्र्यावरच रंगवून द्या.
पत्रा नेत नाहीत का, मी विचारलं.
नेतात, तो म्हणाला, पण जरा उशिरा.

तर पिवळ्यावर काळं:
पुढे पुलाचे काम चालू आहे. रस्ता बंद.
त्याखाली बाण. बाणाखाली ‘दिनांक’, ‘पर्यंत’
आणि मधे मोकळी जागा.
तारीख खडूनं लिहायची ठरली.
आजवर चार वेळा पुसली.
चौथ्यांदा मीच पुसली, अंगठ्याला थुंकी लावून,
उलटून दहा दिवस झाले होते तिला
आणि माझ्या अक्षरांच्या शेजारी
ती बरी दिसत नव्हती.

कोपऱ्यात बारीक: मतीन आर्ट, जुना जालना.

एवढं मला कधी कुणी वाचलं नाही.
दुकानांच्या पाट्यांवरून नजर घसरते माणसाची;
इथं टेम्पोवाला थांबतो, मोठ्यानं वाचतो,
एक शिवी देतो, गाडी वळवतो.
एकदा तर वरात आली, नव्या जालन्यात निघालेली.
नवरदेव घोड्यावरून वाचू लागला, ओठ हलवत.
बँडवाल्यांनी गाणं मधेच सोडलं,
आणि सगळी वरात मागच्या मागं सरकली:
आधी जनरेटरचा गाडा, मग दिवेवाल्या बाया,
शेवटी घोडा, त्याला काही मागं चालता येईना.

हिवाळे मावशी तेवढी वळत नाही.
मेथीची पाटी डोक्यावर, गुडघ्यात वाकून
बोर्डाखालून जाते, पात्रात उतरते,
डबकं चुकवून पलीकडच्या काठाला लागते.
मला कुठं वाचता येतंय बाबा, म्हणते.
येतं तिला. सातवी पास आहे.

आठ महिने कुंडलिका अशीच,
थर्माकोल, गाद्यांचा कापूस, डुकरांची पिलं.
दोन्ही अंगांना आता भिंत चढू लागली आहे,
सळया वर, सिमेंट खाली,
जिथं झाली तिथं नदी दिसत नाही,
नुसता वास येतो.

मग गव्हाणे मॅडमनी कागद दिला.
नव्या खांबावर अर्ध्या-अर्ध्या मीटरला खूण,
पांढऱ्यावर आकडे, आणि साडेचारला
लाल रेघ, शेजारी: धोका पातळी.

शिडीवरून आमच्या स्वयंपाकघराची खिडकी समोर येते.
तिथली भिंत अजून बांधायची आहे.
आत कॅलेंडरचा खिळा दिसतो.
त्या रात्री पाणी खिळ्याखाली चार बोटं थांबलं होतं,
सकाळी बघतो तर महिन्याचा फक्त पहिला आठवडा कोरडा.
बाकीच्या तारखा अम्मीनं दोरीवर वाळत घातल्या.
कशाला, कुणी विचारलं नाही.

मॅडम, मी वरूनच म्हणालो,
तुमची रेघ हातभर खाली आहे.
ती हसली नाही. डोळ्यावर हात धरून
खिडकीकडं बघितलं तिनं, मग खांबाकडं.
मतीनभाई, पाणी पोचतं तिथं नसते ही रेघ.
तुम्ही घर सोडायचं, तिथं असते.
मग तसंच लिहू का?
नमुन्यात बसत नाही, म्हणाली,
आणि फोन आला म्हणून पलीकडं गेली.

माझं नाव टाकतो त्या जागी,
रेघेच्या खाली, वीतभर अक्षरांत लिहिलं:
पाणी इथं आलं की निघा.
नाव टाकलं नाही.

ब्रश रॉकेलमधे बुडवला तेवढ्यात
खाली पाटी थांबली.
मावशीनं मान वर केली,
एकेक अक्षर जोडत, पार शेवटापर्यंत.
मग म्हणाली,
निघून जायचं कुठं, ते बी लिही की.
रस्ता तर तूच बंद केलास.

मी शिडीवर तसाच,
बाण कुठल्या अंगाला काढला होता
ते आठवू लागलो.