दोन लांब, एक आखूड

नुग्झार,
काल संध्याकाळी तुझ्याकडून गाडी घेऊन निघाले
तेव्हा इंजिन शहाण्या बैलासारखं चाललं होतं.
पूल ओलांडला, रिओनी डाव्या हाताला आली
आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.
म्हटलं, लागू दे.
तीस वर्षांची सुबारू,
तिलाही मधूनमधून काहीतरी आठवत असेल.

आज ग्लोलाच्या वरच्या चढावर तिनं गचके द्यायला सुरुवात केली.
मागे बर्फात गुंडाळलेल्या लसी,
आणि वर एका गोठ्यात सकाळपासून अडलेली गाय.
पट्टा बदलायला दिली होती मी गाडी. फक्त पट्टा.
रोगापेक्षा औषध भयंकर, असं मोठ्यानं म्हणाले.
ऐकायला कुणी नव्हतं.

गाय सुटली. वासरू पायाळू होतं, पण जगलं.
हात धुतले आणि त्यांच्याच अंगणात
मी गाडीत डोकं घातलं, पाय दाराबाहेर.
स्टिअरिंगखाली दोन काळे प्लग असतात, एरवी एकमेकांना न भेटणारे.
ते जोडायचे, किल्ली अर्धी फिरवायची
आणि दिव्याकडे बघत बसायचं.
हे तूच शिकवलंस, लामारा बारीला गेली त्या वर्षी.
म्हणालास, नव्या गाड्यांना यंत्र लावून विचारावं लागतं,
ही स्वतःच सांगते. हळू सांगते एवढंच.

लांब. लांब. आखूड.

घरधनी आव्तान्दिल शेजारी उकिडवा बसला.
मोर्स का? मी सैन्यात शिकलो होतो.
म्हटलं, एकवीस.
एकवीस म्हणजे?
म्हणजे इंजिनाला कळत नाहीये
आपण तापलोय की गार आहोत.
म्हातारा बराच वेळ हसला.
आमच्या घरात हे चाळीस वर्षं चाललंय, म्हणाला.

मग तीन लांब, तीन आखूड.
तेहेतीस. तो जुनाच, कधी असतो कधी नसतो,
वेगाच्या काट्याचं दुखणं.
ते तुझ्या खात्यावर नाही.

बॉनेट उघडलं. एकवीसची वायर शोधावीच लागली नाही:
सेन्सरपासून वीतभरावर लोंबत होती,
तोंड उघडं, आत थोडी धूळ.
तुटली नव्हती. लावायची राहिली होती.
आणि बॅटरीच्या कडेला तुझा दहाचा पाना,
मुठीला निळ्या चिंधीचा वेढा,
ज्याला तू पोरांना हातसुद्धा लावू देत नाहीस.

तुला सुनवायची वाक्यं मी जुळवत होते, खरंच.
तेवढ्यात घड्याळ दिसलं.
दोन तास मागे.
कालपासून मी त्यालाही बिघाडच समजत होते.
तू बॅटरी सोडवलीस, पुन्हा जोडलीस,
आणि गिऱ्हाइकाला त्रास नको म्हणून घड्याळ लावलंस
भिंतीकडे बघून.
तुझ्या गॅरेजच्या भिंतीवर एकच घड्याळ आहे, नुग्झार,
आणि ते बारीचं आहे.

मग वायर कधी राहिली तेही कळलं.
चार वाजता.
तिकडे ती परक्या म्हातारीला झोपवून बाल्कनीत येते,
इकडे तू हात पँटला पुसत
अक्रोडाखाली जातोस, जिथे रेंज मिळते.

वायर बसवली. टक्.
बॅटरी अर्धा तास सोडून ठेवली, गाडीनं विसरावं म्हणून.
तोवर मक्याची भाकरी आली, खारट चीज आलं,
वासरू दोनदा पडून तिसऱ्यांदा उभं राहिलं.
बॅटरी जोडल्यावर घड्याळ एक वाजल्याचं लुकलुकत बसलं.
मी इथली वेळ लावली.
मला गाईंच्या वेळेनं जायचं असतं.

उतारावर एकही गचका नाही.
पुलाजवळ दिवा पुन्हा लागला,
तेहेतीसच असणार,
मोजायला थांबले नाही.

पाना माझ्या कोटाच्या खिशात आहे.
शुक्रवारी आणून देते,
चारच्या आधी.